हळद लागलेला चाकू

महिपती घोडके यांच्या खिशात चाकू असतो, याची अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या टॉवेलच्या कारखान्यात ते हेडक्लार्क आहेत, तिथं कुणालाच भीती वाटत नाही. गठ्ठ्याची सुतळी कापायची असली, पार्सलची चिकटपट्टी सोडवायची असली, किंवा कुणाच्या वाढदिवसाला केकबरोबर आलेली प्लॅस्टिकची सुरी केकातच मोडली, की लोक आधी हेडक्लार्कच्या टेबलाकडे बघतात. महिपतीराव लगेच चाकू काढत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, काय कापायचंय ते निरखतात, आणि डॉक्टरनं पेशंटची जीभ बघावी तसं गंभीर होऊन उजव्या खिशात हात घालतात. पातं उघडताना टक्क असा आवाज होतो. या एका आवाजासाठी यांनी तेवीस चाकू जमवलेत, असं त्यांच्या बायकोचं, महानंदाताईंचं म्हणणं. महिपतीरावांना ते मान्य नाही. मिटतानाचा आवाज जास्त चांगला असतो, असं ते म्हणतात.

चाकू सगळे घडीचे, तळहातात मावणारे. एक मंगळवेढ्याच्या बाजारात एका मेंढपाळाच्या कमरेला दिसला, तर त्याच्यामागे अर्धा बाजार फिरून मागून घेतलेला. त्यानं दिला, पण बदल्यात महिपतीरावांची नवी छत्री नेली. एक पितळी मुठीचा. एक पेन्सिलीला टोक करायचा, झिजून झिजून पातं काडीएवढं झालेला. सगळे बिस्किटाच्या जुन्या डब्यात टॉवेलच्या तुकड्यावर झोपलेले असतात, आणि दर रविवारी त्यांना तेलपाणी होतं. या छंदाबद्दल कुणी हसलंच, तर महिपतीरावांचं उत्तर तयार असतं. बायका मंगळसूत्राला सेफ्टी पिना अडकवून ठेवतात, त्याला कुणी छंद म्हणतं का? दुसऱ्याच्या अडीनडीला उपयोगी पडेल अशी एक तरी वस्तू माणसाच्या अंगावर असावी. एवढं बोलून ते पेरू कापायला घेतात, आणि पहिली फोड हसणाऱ्यालाच देतात.

या तेवीस जणांचा राजा म्हणजे मकदूमभाई शिकलगारांनी केलेला चाकू. लोखंड कापायच्या करवतीच्या जुन्या पात्यातून घडवलेलं पोलाद, म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, पितळेच्या तीन मेखा. मकदूमभाईंचं विजापूर वेशीजवळ धार लावायचं दुकान आहे. हा चाकू करायला त्यांनी चार महिने घेतले आणि दर आठवड्याला महिपतीरावांना चहा पाजून परत पाठवलं. असा चाकू महिपतीराव रोज खिशात घालत नाहीत. तो सणावाराचा.

आणि घरात सण आला तो भाच्याच्या लग्नाचा.

भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा, सुकन्याचा, एकुलता एक सिद्धराम. सुकन्याचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. लग्नाचं सगळं दिरांनी अंगावर घेतलं होतं. म्हणजे सगळं ते ठरवत होते आणि सुकन्या मान हलवत होती. मांडव त्यांचा, वाजंत्री त्यांची, आचारी त्यांचा. मामानं काय करायचं, असं महिपतीरावांनी विचारल्यावर थोरले दीर प्रेमानं म्हणाले, मामांनी नुसतं फोटोत उभं राहायचं. हे वाक्य महिपतीरावांना इतकं लागलं, की त्या रात्री त्यांनी भाकरीबरोबरचा ठेचा खाल्ला नाही. एरवी ठेचा सोडणारा माणूस नव्हे तो.

नवरदेवाच्या हातातली कट्यार मंडपवाल्याकडून आली तेव्हा त्यांना संधी सापडली. हळद लागल्यापासून नवऱ्या मुलाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेलं हत्यार असतं, नजर लागू नये म्हणून. मंडपवाल्याची कट्यार पत्र्याची होती. मूठ सोनेरी रंगाची, म्यान लाल मखमलीचं, आणि धार म्हणाल तर आमटीच्या डावाला जास्त. महिपतीरावांनी ती दोन बोटांत धरली आणि विचारलं, की माझ्या भाच्याचं रक्षण हा पत्रा करणार का? मग सगळ्यांसमोर शिंगाच्या मुठीचा चाकू काढून पाटावर ठेवला. सिद्धरामला तो लहानपणापासून हवाच होता. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चाकू पाटावर ठेवला, हे मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे चाकू, कात्री, सुई कुणी कुणाच्या हातात देत नाही. भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. महिपतीराव कारखान्यात मालकालाही चाकू टेबलावर ठेवून देतात.

नवरीकडून, म्हणजे वळसंगकडून, अट एकच होती आणि ती नवरीच्या आजीची होती. चिमाबाई ऐंशीच्या, शंभर शेरडं-मेंढरं नुसत्या आवाजावर वळवलेल्या. सुपारी फुटली त्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "हळद लागली की जो चाकू हातात येईल, त्योच अक्षता पडेस्तवर ऱ्हायला पायजे. बदलायचा न्हाय की सोडायचा न्हाय." त्यांच्या धाकट्या दिराच्या लग्नात म्हणे कुणीतरी मधेच चाकू बदलला. पुढे दोन महिने तो शेरडांशी बोलायचा, पण बायकोशी बोलायचा नाही.

मग सल्ले सुरू झाले. मकदूमभाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "साब, घडी का चाकू है ये. नींबू नक्को लगाओ. खट्टा पानी जोड में गया तो बैठ जाता." शेजारचे गुरुबसप्पा तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले, त्यांना जोडापेक्षा कागदाची काळजी. पावती आहे का, म्हणाले. मकदूमभाई पावती देत नाहीत, असं सांगितल्यावर म्हणाले, मग एक अर्ज तरी करून ठेवा. कुणाला, असं विचारलं, तर म्हणाले, ते मागाहून ठरवता येतं. महिपतीराव घरी येऊन यावर खूप हसले. हे हसू त्यांना पुढे फार आठवलं.

हळदीच्या दिवशी पहिला पेच लिंबानं घातला. मंडपवाल्याच्या कट्यारीला लिंबू मुकाट बसतं, कारण तिला धारच नसते. मकदूमभाईंच्या पात्यावर टेकवलं की त्याची सरळ दोन भकलं. तीन लिंबं अशी गेली. चौथ्याच्या वेळी महानंदाताई म्हणाल्या, की अहो, सरबतच करायचं असेल तर साखर आणते. शेवटी एक कच्चं, दगडासारखं लिंबू शोधून लाल दोऱ्यानं पात्याला बांधलं. चाकूला हळद माखली, मूठ सिद्धरामच्या हातात बसली, आणि मामांनी फोटोत उभं राहायच्या आधी एक काम करून दाखवलं.

लग्न दुसऱ्या दिवशी वळसंगला, मुहूर्त बारा पस्तीसचा. सकाळी साडेनऊला पुढच्या गाडीत सिद्धराम, सुकन्या आणि महिपतीराव. मागून वऱ्हाडाची बस. अक्कलकोट रस्त्यावर एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि लिंबू दोऱ्यातून सुटून सीटखाली गेलं. महिपतीराव ओणवे होऊन ते शोधत असताना गाडी थांबली. कुणी मोठे पाहुणे त्या रस्त्यानं जायचे होते, म्हणून नाक्यावर बंदोबस्त होता. शिपायानं काच खाली करायला सांगितली आणि आत वाकून पाहिलं. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला एक तरुण पेंगत होता, त्याच्या मांडीवर उघडा चाकू होता, आणि एक गृहस्थ सीटखाली लपला होता.

लिंबू असतं तर शिपाई फरहान मुजावर हसून पुढं जा म्हणाला असता. हे त्यानंच नंतर सांगितलं. बिनलिंबाचा चाकू मात्र नुसता चाकू असतो. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, द्या इकडं. सिद्धराम दचकून जागा झाला, द्यायला निघाला, तेवढ्यात सीटखालून महिपतीरावांचा आवाज आला, "हातात देऊ नको. खाली ठेव."

सिद्धराम आज्ञाधारक मुलगा. त्यानं दार उघडलं, वाकला, आणि चाकू अदबीनं डांबरावर ठेवला.

आता आपल्याकडच्या कुणालाही यात काय चुकलं ते दिसणार नाही. फरहानलाही एरवी दिसलं नसतं. त्याची आई घरात कात्रीसुद्धा कट्ट्यावर ठेवून देते. पण तो सकाळी पाचपासून ड्यूटीवर होता, मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि वरून हुकूम कडक होता. त्यानं रुमालानं चाकू उचलला. चौकीच्या नोंदवहीत जे वाक्य गेलं ते असं: सदर इसमाने पोलिसांना पाहून साथीदाराच्या सांगण्यावरून शस्त्र रस्त्यावर टाकले.

साथीदार, म्हणजे महिपती शिवराम घोडके, वय छप्पन.

गाडी सोडली, चाकू ठेवला. महिपतीरावांनी सुकन्या आणि सिद्धरामला पुढं पाठवलं. सुकन्या जाताना एवढंच म्हणाली, "अण्णा, चिमाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती." गाडी दिसेनाशी झाल्यावरही ते वाक्य चौकीच्या दारात उभं होतं. नऊ वर्षं दिरांपुढे मान खाली घालून काढलेली बाई. आज सगळ्या पाहुण्यांसमोर तिला सांगावं लागणार होतं, की माझ्या भावानं हौसेनं चाकू दिला आणि तोच वाटेत घालवला. घड्याळात साडेदहा झाले होते.

चौकीतले हवालदार बिभीषण कोरे शांत गृहस्थ होते. त्यांनी पट्टीनं पातं मोजलं. साडेतीन इंच भरलं. म्हणाले, कायद्यात बसतंय तेवढं लांब नाही हे, याचं काही होणार नाही. महिपतीरावांचा जीव भांड्यात पडणार इतक्यात ते पुढे म्हणाले, पण नोंद झालीय. नोंद झाल्यावर साहेबांच्या सहीशिवाय वस्तू बाहेर जात नाही. साहेब बंदोबस्तावर, दोनपर्यंत येत नाहीत, फोन उचलत नाहीत.

हवालदारांनी सहज विचारलं, की मामा, चाकू तुमचा कशावरून? इथं महिपतीरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी खुर्ची देऊन, वही उघडून त्यांना त्यांच्या चाकूबद्दल विचारत होतं. त्यांनी पोलादापासून सुरुवात केली. शिंग कसं तापवून सरळ करतात ते सांगितलं. स्प्रिंगचा ताण किती असावा, जास्त झाला तर नख कसं तुटतं, कमी झाला तर बोट कसं कापतं, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. आणि ओघात म्हणाले, माझ्याकडं असे आणखी बावीस आहेत.

हवालदारांचं पेन थांबलं. "आणखी बावीस?"

पुढचा पाऊण तास त्या बाविसांत गेला. कशासाठी, कुठं ठेवता, कोण कोण येतं घरी, असे प्रश्न झाले. पेरू कापायला, हे उत्तर वहीत लिहायला हवालदारांना जड जात होतं. महिपतीरावांनी फोन करून महानंदाताईंना विचारायला सांगितलं. वऱ्हाडाच्या बसमधून, वाजंत्र्यांच्या आवाजात त्या ओरडून म्हणाल्या, की आहेत, बिस्किटाच्या डब्यात आहेत, एकदाचे घेऊन जा. याचा उपयोग झाला की तोटा, हे ठरेना.

मदतीला म्हणून गुरुबसप्पांना बोलावलं होतं. ते स्कूटरवरून आले, मागे मकदूमभाईंना बसवून. हातात प्लॅस्टिकची फाइल. त्यांनी हवालदारांसमोर एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, की मी यांना आधीच अर्ज करा म्हणालो होतो, हे लिहून घ्या. मकदूमभाई साक्षीला. हवालदारांनी विचारलं, तुम्हीच केलाय का? मकदूमभाईंनी चाकूकडे पाहिलं आणि छाती भरून आली त्यांची. "हमीच बनाए, साब. धार देखो, हाथ के बाल उतरते इससे," असं म्हणून त्यांनी बाही वर केली. करून दाखवायला कुणी चाकू दिला नाही म्हणून बरं. महिपतीराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

साडेअकरा झाले. सुकन्याचा फोन आला. मांडवात पोहोचलो, एवढंच तिनं सांगितलं. मागे मांडवातले सूर वाजत होते. फोन ठेवून महिपतीराव हवालदारांच्या टेबलाशी परत आले. या वेळी बसले नाहीत. पोलादाचं, स्प्रिंगचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "साहेब, चाकू ठेवा. मलाही ठेवा हवं तर. बाविसाच्या बावीस आणून देतो. पण एक तासापुरता तो पोराच्या हातात जाऊ द्या. माझ्या बहिणीनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, आणि हेसुद्धा तिनं मागितलेलं नाही, मी आगाऊपणानं दिलेलं आहे."

हवालदार कोरे यांनी वहीतलं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, वस्तू सोडता येत नाही. महिपतीरावांनी मान हलवली. पण नेता येते, हवालदार म्हणाले. कोर्टात नेतोच की आपण. सीलबंद, पोलिसाच्या ताब्यात. ताबा सुटला नाही म्हणजे झालं. साहेबांना मी सांगतो काय ते.

आजवर कुठल्या सरकारी कार्यालयात कुठल्या कामानं इतका वेग घेतला नसेल. चाकू पांढऱ्या कापडात गुंडाळला. मिटून ठेवू म्हणाले, तर मिटेना. लिंबानं आपलं काम केलं होतं, सांधा घट्ट बसला होता. मकदूमभाई फक्त खाकरले. मग उघडाच गुंडाळला, वरून दोरा, लाखेचे तीन ठिपके, त्यावर शिक्का. लेबलवर पंच म्हणून गुरुबसप्पांनी सही केली. निवृत्तीनंतर इतकी देखणी सही त्यांनी केली नव्हती. आणि ताबेदार म्हणून शिपाई फरहान मुजावर, पाकीट शर्टाच्या आत घालून मोटारसायकलवर बसला. मागे महिपतीराव. बारा वाजून सहा मिनिटं.

मांडवात पोलीस शिरला तेव्हा सनईवाल्यानं फुंकर मधेच सोडली. थोरले दीर पुढे आले, काय भानगड म्हणून, आणि फरहाननं पाकीट काढल्यावर मागे सरकले. सिद्धराम पाटावर मोकळ्या हातानं बसला होता आणि त्याला ते हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. सुकन्या त्याच्यामागे उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी चिमाबाईंकडे पाहिलं.

चिमाबाई काठी टेकत आल्या. महिपतीरावांनी एका दमात सगळं सांगितलं: नाका, डांबर, नोंद, सही. चाकू आत आहे, पण उघडता येणार नाही. हे पोलीस पोराच्या शेजारी उभे राहतील. बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की हे ऐकायला किती वेड्यासारखं वाटतंय. चिमाबाईंनी पाकिटाला हात लावला नाही. नाक जवळ नेलं आणि वास घेतला.

"हळद तीच हाय," त्या म्हणाल्या. मग लाखेवर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"सरकारी शिक्का, आजी," फरहान म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाला उघडता येत न्हाई."

"मग तर लई झ्याक की. म्हंजे नजरबी आत शिरायची न्हाय." आणि मागे वळून म्हणाल्या, "आगं, लिंबू आना कुणीतरी."

लिंबू सीलच्या वर बांधलं. फरहाननं पाकिटाचं एक टोक धरलं, कारण ताबा सुटायचा नव्हता. दुसरं सिद्धरामनं धरलं. फोटोवाल्यानं शिपायाला थोडं बाजूला व्हायला सांगितलं, त्यावर आपण ऑन ड्यूटी आहोत, असं फरहाननं कळवलं. म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाच्या या बाजूला नवरा, मामा आणि खाकी वर्दी असे तिघे ओळीनं आहेत. बारा पस्तीसला अक्षता पडल्या. निम्म्या फरहानच्या टोपीवर पडल्या. महिपतीरावांना मंगलाष्टकांतला एकही शब्द ऐकू आला नाही. त्यांच्या कानांत फक्त आपलाच श्वास येत-जात होता, आणि तो येतोय-जातोय याचंच त्यांना बरं वाटत होतं.

तीनच्या सुमाराला हवालदारांचा फोन आला. साहेबांनी नोंदवही वाचली, हसले आणि सही केली. चाकू संध्याकाळी घेऊन जा, आणि त्या बाविसांची नोंद केलेली नाही, असं कळवलं.

त्या वेळी शेवटची पंगत बसली होती. एका बाजूला फरहान, दुसऱ्या बाजूला महिपतीराव. चिमाबाई वाढणाऱ्यांवर नजर ठेवत फिरत होत्या. महिपतीरावांजवळ थांबल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून वाकल्या, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पाव्हणं, चाकू आला नसता तर मी घरचा इळा दिला असता पोराच्या हातात. चाकवापायी नातीचं लगीन कोन थांबवतंय?"

महिपतीरावांचा घास हातात राहिला. त्यांना सकाळी चौकीत काढलेली मिनिटं एकेक करून आठवली. म्हणाले, "आजी, मग हे सांगायचं होतं की."

"सांगनार व्हते. तुमची भन लई रडवेली झाल्ती, तिला सांगितलं बी," चिमाबाई म्हणाल्या. "ती म्हनली, थांबा, माझा भाऊ आनतोय. मग म्हनलं, बगू तरी आनतोय का."

त्या पुढच्या पानाकडे गेल्या. महिपतीरावांनी वर पाहिलं. पलीकडच्या खांबाशी सुकन्या सुनेच्या माहेरच्या बायकांत उभी होती, दिरांच्या घोळक्यापासून लांब, आणि हात हलवून हलवून त्यांना काहीतरी सांगत होती. बहुतेक डांबरावर चाकू ठेवल्याचंच, कारण ती अगदी तशी वाकली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिला असं मोठ्यानं काही सांगताना महिपतीरावांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

वाढपी समोर येऊन उभा राहिला. मामा, अजून काय वाढू, म्हणाला.

"ठेचा आहे का?" महिपतीरावांनी विचारलं.